हात न टेकता उठून दाखवा

मागच्या अंकात मी खुर्चीची चाचणी दिली होती. भिंतीला टेकवलेल्या साध्या, बिनहाताच्या खुर्चीत बसायचं, हातांची छातीवर घडी घालायची आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा उठायचं. हात टेकला की खेळ संपला. एवढ्याशा गोष्टीवरून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही जण खूश आहेत, बरेच जण चिडले आहेत. चिडलेल्यांना आधी घेते.

ताई, मी ७१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, पाचपाखाडीत राहतो. रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो, मोबाइल आठ हजार पावलं दाखवतो. रक्तदाब ताब्यात आहे, साखर नाही. तरी तुमच्या चाचणीत माझे आठच झाले. बायको ६७ची, कधी फिरायला येत नाही, तिचे बारा झाले आणि ती आता येईल-जाईल त्याला सांगत सुटली आहे. चाचणीतच काही गोम आहे का? की मी पावलं दहा हजार करू?
– एक चालणारा, पाचपाखाडी

गोम चाचणीत नाही, काका. तुमच्या वयाच्या पुरुषाचे बारा तरी व्हायला हवेत, काकूंच्या वयाच्या बाईचे अकरा. म्हणजे काकू पास आणि तुम्ही नापास. पण चालणं सोडू नका हं, हे आधीच सांगते, नाहीतर पुढच्या महिन्यात काकूंचं पत्र यायचं की तुमच्यामुळे हे आता अंथरुणातून उठत नाहीत. तुमचा रक्तदाब ताब्यात आहे त्यात त्या फेऱ्यांचाही वाटा असणार.

कचराळीची वाट सपाट आहे. सपाटीवर चालताना हृदय, फुप्फुसं, पिंढऱ्या कामाला लागतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि कुल्ल्यांवर मात्र फारसं ओझं पडत नाही, आणि माणसाला खुर्चीतून, कमोडवरून, रिक्षातून उठवतात ते नेमके हेच स्नायू. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ही झीज आधी पायांत जाणवते. काकू फिरायला येत नसतील, पण दिवसातून किती वेळा जमिनीवर बसून उठतात ते एकदा मोजा. भाजी निवडायला, देवापुढे, ओट्याखालचा डबा काढायला. प्रत्येक वेळी अंगाचं सगळं वजन मांड्यांवर उचलून उभं राहायचं. तुमच्या आठ हजार पावलांत हे एकदाही होत नाही.

दहा हजारांचं म्हणाल, तर तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं होतं. तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये जे सांगितलं ते जास्त कामाचं आहे: पासष्टीपुढच्या माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं जरा दम लागेल असं चालावं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळायला लावणारा. पहिला भाग सगळे वाचतात. उरलेले दोन कुणाच्या गावीही नसतात.

आता करायचं काय? तीच खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा, वर एक घट्ट उशी ठेवा म्हणजे बैठक उंच होईल. उठा आणि बसा, आठ ते दहा वेळा. थोडं थांबून पुन्हा एकदा, जमलं तर तिसऱ्यांदा. एक दिवसाआड. खरी मेख बसण्यात आहे. दवाखान्यात येणाऱ्यांना मी बसताना बघते: माणूस निम्म्यापर्यंत नीट खाली येतो आणि शेवटचं वीतभर अंतर अंग सोडून देतो. धप्प! ताकद जिथे कमी पडते ती जागा तीच, आणि वाढवायचीही तिथेच. म्हणून खाली जाताना मनात चार आकडे मोजा आणि चौथ्या आकड्यालाच बूड टेकवा. श्वास रोखायचा नाही, रोखला की रक्तदाब चढतो. शेवटचे दोन उठण्याचे प्रयत्न जड गेले पाहिजेत. सहज व्हायला लागले की उशी काढा. तेही सहज झालं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. त्याच्या जोडीला ओट्याला बोटं टेकून टाचा वर-खाली करा, आणि ओटा हाताशी ठेवून एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल, टाचेला चवडा लावून, दहा सेकंद उभे राहा. हा तोलाचा व्यायाम. चहा उकळेपर्यंत होतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. दुखू द्या, ते स्नायूंचं दुखणं आहे. सांध्याला सूज आली, छातीत दाबल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गुडघे कटकट वाजतात पण दुखत नाहीत, तर त्यांना वाजू द्या.

“आता या वयात कसली ताकद वाढणार” असं दोन-तीन पत्रांत आहे, त्याचंही उत्तर इथेच देऊन टाकते. १९९०मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. शेवटपर्यंत टिकलेल्यांची पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत! तुम्ही तर एकाहत्तरचे, काका. आणि बैठकीच्या खोलीत तो खोल, बुटका, एल आकाराचा सोफा असेल तर त्यावर नातवंडांना लोळू द्या. तुम्ही खुर्चीत बसत जा.

नमस्कार ताई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. नौपाड्यातली आमची जुनी इमारत पाडायला गेली म्हणून सासू-सासरे आमच्याकडे ऐरोलीला आले. तिथे त्या तीन जिने चढायच्या, जांभळी नाक्यावरून भाजी आणायच्या, सगळा स्वयंपाक करायच्या. इथे मी त्यांना काही करू देत नाही. आयुष्यभर केलंय, आता आराम करा म्हणते. पण वर्षभरात त्या खंगल्यासारख्या वाटतात. वजन तेवढंच आहे, कंबरही तेवढीच, पण जुन्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्यात. रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. संध्याकाळी चहा-खारी, रात्री नुसता दूधभात. काम सांगावं तर शेजारच्या काकू म्हणतात, सून सासूला राबवते. काय करू?
– एक सून, ऐरोली

बाह्या सैल झाल्याचं तुम्ही टिपलंत, शाब्बास. ते काट्यावर दिसत नाही. स्नायू उतरतो, चरबी चढते, आकडा तोच राहतो आणि घरातले म्हणतात, वजन तर आहे तेवढंच.

नौपाड्यात त्यांचा व्यायाम फुकटात होत होता. तीन जिने, दोन हातांत भाजीच्या पिशव्या, वाटेत भेटणाऱ्या चार बायका, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत. हुज्जतसुद्धा मेंदूला चांगलीच हो. ऐरोलीला लिफ्ट आहे, कोथिंबीर ॲपवरून येते आणि ओटा तुमच्या ताब्यात आहे. तुम्ही मायेनेच केलंत, पण त्या मायेने त्यांचं सगळं चलनवलन बंद पडलं.

कामं परत द्या. मात्र “जरा हातभार लावा, तेवढाच व्यायाम” असं म्हणून देऊ नका, ते कुणालाच आवडत नाही. एक खातं त्यांच्या नावावर करा. कणीक त्यांची, किंवा रोजची भाजी त्यांची: काय आणायची ते त्यांनी ठरवायचं, खाली जाऊन स्वतः आणायची, आणि आज दुधीच का म्हणून तुम्ही विचारायचं नाही. (हे तुम्हाला जड जाईल. माझ्या ओळखीच्या सगळ्या सुनांना जड गेलं आहे.) वर जाताना दोन मजले जिन्याने, कठडा धरून, मग लिफ्ट. त्या दमल्या तर दमू देत. शेजारच्या काकूंचं वय साठीच्या पुढे असेल तर त्यांनाही खुर्चीची चाचणी द्यायला लावा, बोलणं आपोआप कमी होईल.

आता ताट. त्यांचं वजन पंचावन्न किलो धरते. आपल्याकडचं सरकारी प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगतं, म्हणजे दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हाताऱ्या माणसांवर काम करणारे तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम म्हणतात, म्हणजे ५५च्या पुढे. तुम्ही लिहिलेलं खाणं मी मांडून पाहिलं. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरणाची वाटी आणि भात धरला तरी तीसच्या आसपासच अडकतं. खारीत मैदा आणि डालडा, बाकी काही नाही.

दूधभात तोडू नका, त्यात त्यांचा जीव असेल. दिवसभरात भर घाला. वरण घट्ट करा: माणशी मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम डाळ पडली की सहा-सात ग्रॅम येतात. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ, तेवढेच. वाटीभर दही, पाचेक. चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, सहा-सात. सकाळी मुगाचं धिरडं. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम आहेत, आणि घरात मासे होत असतील तर प्रश्नच मिटला, बोंबील-मांदेलीला तोड नाही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं येतात ती सगळी कुटाची, साबुदाणा जवळजवळ कोराच असतो. तेव्हा कूट सढळ हाताने घाला आणि सोबत दह्याची वाटी ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

एक गोष्ट पत्रात नाही, पण मला शंका आहे. रात्री दूधभात, संध्याकाळी चहात बुडवलेली खारी: हे सगळं न चावता गिळता येणारं आहे. त्यांची कवळी सैल झालीय का, दाढ दुखतेय का ते विचारा. बायका हे सांगत नाहीत. उसळ “नको, पोटाला जड होते” म्हणून परत जाते आणि खरं दुखणं हिरडीत असतं. तसं असेल तर उसळीच्या आधी दातांचा डॉक्टर.

वय ७६. वाशीला सिडकोच्या जुन्या घरात राहतो. रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं. गेल्या महिन्यात उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला धरलं तर दांडीच भिंतीतून उपटून हातात आली. थोडक्यात वाचलो. मुलगा म्हणतो रात्री भांडं घ्या. मला ते पटत नाही.
– वाशीकर

दांडीने इशारा दिला म्हणायचं. टॉवेलची दांडी टॉवेलासाठीच असते, दोन बारीक स्क्रूंवर लटकलेली. सत्तर किलोचा माणूस तिच्या भरवशावर राहू शकत नाही. पक्क्या भिंतीत खोल बोल्ट मारून बसवलेली स्टीलची जाड हँडलं घ्या: एक कमोडच्या बाजूला, एक अंघोळीच्या जागी. फक्त टाइलवर चिकटणारी, हवेच्या दाबाची हँडलं घेऊ नका. दाराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप लावा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा हवा आणि वाटेतलं पायपुसणं तिथून हलवा. पायजमा बसून घालायचा, एका पायावर उभं राहून नाही. झिजलेली रबरी चप्पल आजच टाका.

अंधारी आली ते मात्र मी डॉक्टरांकडे सोपवते. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर एवढं करून जा: पाच मिनिटं आडवे पडून मोजा, मग उभे राहा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, कुणीतरी शेजारी उभं असताना. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. बरोबर घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या. सगळ्या म्हणजे सगळ्या: झोपेची, सर्दीची, कुणीतरी दिलेली आणि उरलेली. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांनी उभं राहताना अंधारी येऊ शकते. कधीकधी फक्त गोळीची वेळ बदलून काम भागतं, पण स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. तीनदा उठणं हाही तपासून घ्यायचा विषय आहे, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. तोवर संध्याकाळी सहानंतर चहा बंद, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

भांड्याबद्दल मुलाशी मी सहमत आहे. खुब्याचं हाड मोडून महिनोन्‌महिने पडून राहिलेली माणसं मी रोज बघते, त्यापेक्षा भांडं बरं. पटलं नाही तरी पलंगाखाली असू द्या, पावसाळ्यात एखाद्या रात्री वीज जाईल तेव्हा पटेल.

हाडांची झीज भरून काढणाऱ्या चूर्णाची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली आहे. तीन महिन्यांचा कोर्स आहे. घेऊ का? वय ६६, स्त्री.
– कोपरखैरणे

नको. त्याच पैशांत हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी होईल, ती पासष्टीनंतर प्रत्येक बाईने एकदा करावीच. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. आपल्याकडे ऊन रग्गड, पण आपण ते गॅलरीच्या काचेतून बघतो आणि काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. नाचणीची भाकरी चालू ठेवा, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि वर काकांना सांगितलेली खुर्ची तुम्हालाही लागू. हाडावर भार पडला तरच ते घट्ट राहतं.

ताई, हा विषय तुमचा नाही, तरी लिहिते. यांना ७३वं चालू आहे. कमी ऐकू येतं पण मान्य करत नाहीत. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जातो. गडकरीला नाटकाला जायचे, आता म्हणतात हल्लीचे नट पुटपुटतात. तलावपाळीवर मित्रांच्या कट्ट्यावर जाणंही सोडलं. घरात बसून चिडचिड करतात. मशीन लावलं की म्हातारा दिसतो म्हणतात.
– चरई, ठाणे

विषय माझाच आहे. कट्टा सुटला म्हणजे त्यांचं चालणंही सुटलं, ते पुढे माझ्याकडेच यायचे. त्यांना माणसं नकोशी झाली असं मला वाटत नाही. चार जणांत विनोद कळला नाही की हसावं कधी ते कळत नाही, आणि दोन-तीनदा असं झालं की माणूस जायचंच टाळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या, स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत ऐकू न येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. तुमच्या घरात एकातून दुसरं उगवायला लागलं आहे.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. “तुम्हाला ऐकू येत नाही” म्हणून नाही, “कानात मळ असेल, बघून घेऊ” म्हणून. खरंच कधीकधी मळच निघतो. नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी होईल, आणि कागदावरचा उतरता आलेख पाहिल्यावर बँका-कचेऱ्यांत आयुष्य घालवलेली माणसं निमूट मान्य करतात असा माझा अनुभव आहे.

मशीन लागलं तर पहिल्याच दिवशी त्यांना जांभळी नाक्याच्या गर्दीत नेऊ नका. इतकी वर्षं न ऐकलेला मिक्सर, भांडी, हॉर्न सगळं एकदम कानावर आदळतं, आणि मग ते कपाटात जाऊन पडतं. आधी घरात शांततेत तासभर, मग दोन तास, असं वाढवत न्या, दोन-तीन आठवडे लागतात. आवाज बोचला तर पुन्हा जाऊन जुळवून घ्यायचा, त्यासाठी परत बोलावतातच.

आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडणं थांबवा. समोर या, त्यांचं लक्ष आहे ना ते बघा आणि नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. नाटकाची तिकिटं पुढच्या रांगेतली काढा, आणि कट्ट्यावरच्या एका मित्राला आधी फोन करून ठेवा की यांच्या उजव्या बाजूला बसा, किंवा ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला.